केसपेपरावरची पुढची तारीख

मुंबईहून ईशान्येकडे धावणाऱ्या लोकलगाड्यांचा प्रवास कसाऱ्याला संपतो. त्यापुढे थळ घाट उभा आहे, आणि इगतपुरीकडे निघालेल्या गाड्यांना मागून जादा इंजिनांचा रेटा मिळाल्यावाचून तो चढ चढता येत नाही. आगगाडी इथवर १८६१ साली आली. घाट ओलांडून इगतपुरी गाठायला तिला १८६५ साल उजाडावे लागले. त्यानंतरच्या दीडशेहून अधिक वर्षांत या मुलखाच्या जगण्याची दिशाच ठरून गेली. शहापूर तालुक्यातला कारखान्याचा कामगार, भाजीची पाटी घेऊन निघालेली बाई, महाविद्यालयात शिकणारी मुले, कचेरीत हेलपाटे घालणारा खातेदार आणि दवाखान्याची वाट धरलेला रोगी, सारेच रुळांच्या उताराने कल्याण-ठाण्याकडे जातात आणि दिवस मावळताना वर परततात. मुरबाड तालुक्याला तर रेल्वेच नाही. टोकावडे, धसई, सरळगाव या बाजूच्या माणसाने आधी एस.टी.ने कल्याण गाठायचे आणि मग पुढची गाडी धरायची.

‘ठाण्याला जाणे’ या शब्दांना या भागात दोन अर्थ आहेत. पहिला सरळ आहे: जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे कलेक्टर कचेरीत किंवा कोर्टात, काही कामानिमित्त जाणे. दुसरा अर्थ, म्हणजे मनोरुग्णालयात जाणे, आवाज उतरवून बोलायचा आहे. पुण्याकडे जसे ‘येरवड्याला’ म्हणतात तसे इकडे एखाद्याला ‘ठाण्याला न्यावे लागले’ असे म्हटले की ऐकणारा पुढे काही विचारत नाही. मनाच्या आजारावर औषध आणायला निघालेल्या माणसाला आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचीही अशी चोरी वाटावी, ही गोष्ट साधी नाही. कोविडच्या महामारीने बाह्यरुग्णांच्या मानसोपचाराचे काय केले हे समजून घ्यायचे असेल तर या वाटेपासूनच आरंभ करावा लागतो, कारण कसाऱ्याच्या रोग्याच्या दृष्टीने उपचार म्हणजे डॉक्टरांची खोली तर खरीच, पण तिच्याआधीची सत्त्याऐंशी किलोमीटरांची वाटही त्या उपचाराचाच भाग आहे.

ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले. मुंबई इलाख्यात तेव्हा प्लेगचा अंमल चालू होता, म्हणजे या संस्थेचा जन्मच एका साथीच्या सावलीत झाला. येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील रुग्णालयांसह ते राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे, आणि १८५० खाटांची त्याची मान्य क्षमता आहे. आरंभीच्या काळात अशा संस्थांचे काम मुख्यतः बंदोबस्ताचे होते. १९१२ सालच्या कायद्याचे नावच ‘लुनसी अ‍ॅक्ट’, आणि त्याच्या कलमांत रोग्याला आत कसे घ्यावे, कोणाच्या हुकुमाने ठेवावे, कोणाच्या हुकुमाने सोडावे याचीच सारी चर्चा. घरी राहून औषध घेणारा मनोरुग्ण ही कल्पना त्या दप्तरात बसणारी नव्हती. ती शक्य झाली १९५२ नंतर, जेव्हा पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मानसिक विकारांवर होणारा परिणाम ध्यानात आला. त्याच सुमारास लिथियमचाही उपयोग कळून आला होता. रोग्याला भिंतीआड ठेवण्याऐवजी महिन्याच्या गोळ्या देऊन घरी पाठवावे आणि महिन्याने पुन्हा बोलवावे, ही आज इतकी साधी वाटणारी रीत मानवजातीच्या इतिहासात सत्तर वर्षांपलीकडची नाही.

म्हणून बाह्यरुग्ण विभाग ही मूलतः तारखेची संस्था आहे. तिथे गेलेला माणूस नंबर लावतो, केसपेपर काढतो, डॉक्टर चार प्रश्न विचारतात, औषधखिडकीतून गोळ्यांची पुडकी मिळतात, आणि केसपेपराच्या कोपऱ्यात पुढच्या वेळेची तारीख लिहिली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला हा सोहळा यांत्रिक वाटेल. परंतु त्या चार प्रश्नांत डॉक्टर रोग्याचा चेहरा वाचत असतो: हात थरथरतात का, नजर वर येते का, मागच्या वेळी बडबडणारा आज गप्प का, सोबतच्या आईच्या चेहऱ्यावर झोप आहे की जागरण. वजन वाढले असेल, जबडा आखडत असेल तर मात्रा बदलतात. ज्यांना रोज गोळी घेणे जमत नाही त्यांना दोन ते चार आठवडे पुरणारे इंजेक्शन देतात. लिथियम घेणाऱ्याच्या रक्तातले त्याचे प्रमाण वेळोवेळी मोजावे लागते, कारण गुण देणारी मात्रा आणि विष ठरणारी मात्रा यांत अंतर थोडे असते. ताप, जुलाब यांनी शरीरातले पाणी कमी झाले तर नेहमीचीच गोळी घातक होऊ शकते. क्लोझापिन हे औषध घेणाऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. आणि आपल्याकडे फेफऱ्याचे रोगीही पुष्कळदा याच रांगेत उभे असतात, कारण खेड्यातल्या माणसाच्या हिशेबी ‘डोक्याचा दवाखाना’ एकच.

या औषधांचा एक गुणधर्म असा आहे की तो रोग्याच्या घरच्यांना हमखास चकवतो. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी चुकली तर यंत्रावर आकडा दिसतो. स्किझोफ्रेनियाची गोळी थांबली तर पहिले काही दिवस उलट बरेच वाटते. सुस्ती उतरते, अंगातला ताठरपणा जातो, माणूस हसूबोलू लागतो, आणि घरच्यांना वाटते की आता औषधाची गरज उरली नाही. आजार परततो तो काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, आणि तोवर गोळी बंद झाल्याची गोष्ट कोणाच्या लक्षातही राहिलेली नसते. लिथियम एकाएकी बंद केले तर उन्मादाचा झटका याहून लवकर येऊ शकतो. फेफऱ्याच्या औषधाचे तर असे की चारदोन दिवसांच्या खंडानेही झटक्यांमागून झटके सुरू होऊन जीव धोक्यात येतो. सातत्य हाच ज्या उपचाराचा प्राण आहे, त्याच्यावर महामारीने घाव घातला तो नेमका या सातत्यावर.

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने साथरोग अधिनियम लागू केला. हा कायदा १८९७ सालचा, मुंबईच्या प्लेगसाठी केलेला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, त्या रात्रीपासून लोकल थांबली, आणि २५ मार्चपासून सारा देश टाळेबंदीत गेला. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई बंदरात उतरली तेव्हा आगगाडी चालूच राहिली, आणि रोगही तिच्याच डब्यांतून देशभर फिरला. त्या अनुभवाकडे पाहता २०२० साली गाड्या थांबवण्यात शहाणपण नव्हते असे कोणी म्हणणार नाही. मात्र लोकल थांबली तेव्हा कसाऱ्याच्या दृष्टीने जिल्ह्याचे मनोरुग्णालयही थांबले, आणि ही गोष्ट टाळेबंदीच्या हुकुमात कोठेही लिहिलेली नव्हती. रुग्णालये उघडी राहतील असेच हुकुमात होते. दार उघडे होते; वाट बंद होती.

मे महिन्यात या वाटेवर उलट दिशेने माणसांचा पूर लोटला. मुंबई-नाशिक महामार्गाने, कसारा घाटातून, डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेऊन हजारो मजूर उत्तरेकडे चालत गेले, हे दृश्य त्या काळी साऱ्या देशाने पाहिले. त्यांच्यात ‘गोळ्या चालू’ असलेली माणसे किती होती, त्यांच्या गोळ्या कोणत्या मुक्कामी संपल्या, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. जो रोगी आपला जिल्हा सोडतो तो आपला केसपेपरही सोडतो, आणि नव्या ठिकाणी त्याची कैफियत पहिल्यापासून सुरू होते.

१५ जून २०२० रोजी लोकल पुन्हा धावू लागली ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. सर्वसामान्यांना तिचे दार १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तेही ठरावीक वेळांपुरते उघडले. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत ते पुन्हा मिटले, आणि लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांसाठी १५ ऑगस्टला उघडले. दुसऱ्या लाटेतल्या निर्बंधांत उपचारांची गरज असलेल्या माणसाला आणि त्याच्यासोबतच्या एकाला प्रवासाची मुभा होती, हे नमूद केले पाहिजे. परंतु ही मुभा वापरायची म्हणजे तिकीटखिडकीशी आपले कागद दाखवायचे. हृदयविकाराचा कागद दाखवणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. मनोरुग्णालयाचा केसपेपर मात्र ओळखीच्या गर्दीत, ज्या स्टेशनावर निम्मे गाव उभे असते तिथे, उघडून दाखवणे किती जणांना जमेल याचा विचार नियम करताना कोणी केला असेल असे वाटत नाही.

उदाहरणादाखल डोळखांबच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरचे घर डोळ्यांपुढे आणावे. मुलगा पंचविशीचा, चार वर्षे औषधावर सावरलेला; आई वीटभट्टीवर किंवा भातशेतीत मजुरी करणारी. एरवीच्या दिवसांतही ठाण्याची एक फेरी म्हणजे पहाटे निघून आसनगावला गाडी धरणे, दोघांचे भाडे, दिवसभराचे जेवण आणि आईच्या मजुरीचा एक खाडा. हा खर्च ती महिन्यातून एकदा सोसत होती कारण मजुरी चालू होती. महामारीत आधी भट्टी बंद झाली, मग गाडी, आणि यथावकाश गाडी सुरू झाली तेव्हा खाडा सोसण्याइतकी मजुरी उरली नव्हती. बाह्यरुग्ण विभाग कितीही मोफत असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचणे कधीच मोफत नसते.

रुग्णालयांच्या बाजूने पाहिले तरी स्थिती बिकट होती. ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय कोविड रुग्णांसाठी राखून ठेवले गेले. तालुक्यातली आरोग्य केंद्रे, परिचारिका, आशा कार्यकर्त्या सर्वेक्षणात आणि विलगीकरणाच्या व्यवस्थेत गुंतल्या. हे जगभर घडत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मध्यास १३० देशांची पाहणी केली तेव्हा ९३ टक्के देशांत महत्त्वाच्या मानसिक आरोग्यसेवांपैकी काही ना काही खंडित वा विस्कळीत झाल्याचे आढळले. समुपदेशन आणि मानसोपचाराच्या बैठकी तर ६७ टक्के देशांत अडल्या. गरज वाढत असताना सेवा आखडली, हे त्या पाहणीचे सार. त्याच संघटनेच्या पुढच्या अनुमानाप्रमाणे महामारीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य या विकारांचे प्रमाण जगात सुमारे २५ टक्क्यांनी वाढले.

डॉक्टर हात बांधून बसले होते असे मुळीच नाही. अनेक ठिकाणी एका महिन्याऐवजी दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम देण्यात आली, रोग्याऐवजी नातेवाईक आला तरी चालवून घेतले गेले, क्लोझापिनसाठीच्या रक्ततपासण्या प्रकृती स्थिर असलेल्यांच्या बाबतीत तीन महिन्यांवर न्याव्यात अशी शिफारस निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून केली. यातला प्रत्येक उपाय योग्य होता आणि प्रत्येकाला दुसरी बाजू होती. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळतात त्याच्या घरात तीन महिन्यांच्या गोळ्यांचा साठा असणे हे संकट आहे. नातेवाईक ‘बरा आहे’ म्हणतो तेव्हा तो खरेच बरा असतो, की फक्त त्रास देत नसतो, हे चेहरा पाहिल्यावाचून कळत नाही. आणि चेहरा दिसला तरी तो मुखपट्टीआड होता. मानसोपचारात ओठांची थरथर, निर्विकार गाल, अर्धवट हसू हीच तपासणीची साधने असतात.

दूरध्वनीवरून उपचारांची वाट याच काळात रीतसर खुली झाली. दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी जाहीर झाली. एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी’ची बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. शहरातल्या पुष्कळांना तिने तारले, आणि ठाण्यातल्या लोकलच्या गर्दीत उभे राहण्याची शक्ती नसलेल्या रोग्यांना तर ती पुढेही वरदान ठरावी. पण घाटाच्या कुशीतल्या पाड्यांवर रेंज शोधत टेकाडावर जावे लागते, घरात चालू फोन एकच असतो, आणि त्या वर्षी तोच मुलांची शाळाही होता. त्यातून एखाद्या सुनेला नवऱ्याच्या मारहाणीविषयी बोलायचे असेल तर ती नवऱ्याच्याच फोनवर, त्याच एका खोलीत बसून काय बोलणार? दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या खोलीला दार असते आणि ते लावून घेता येते, याची किंमत त्या वर्षी कळली.

दारूविषयीही लिहिले पाहिजे, कारण मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात दारूचे रोगी नेहमीच मोठ्या संख्येने असतात. टाळेबंदीत दुकाने एकाएकी बंद झाली. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू अशी तुटली की दोन-चार दिवसांत थरकाप, झटके, भास आणि भ्रम सुरू होतात, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. ही अवस्था रुग्णालयात सांभाळायची आहे. ज्या घरांनी तिला भुताटकी समजले त्यांना दोष देता येत नाही. भास होणारा माणूस कोपऱ्यातल्या कोणाशी तरी बोलतो तेव्हा घरच्यांना दुसरे काय सुचणार?

अशा वेळी पाड्यावर जो हाकेसरशी येत होता तो भगत. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या वस्त्यांत ‘बाहेरचं झालंय’ हे निदान करणारा माणूस घरातल्या तीन पिढ्या ओळखतो, केसपेपर मागत नाही, आणि त्याच्याकडे जाण्याला गाडी लागत नाही. फेफऱ्याच्या किंवा स्किझोफ्रेनियाच्या रोग्याची गोळी सोडून त्याला अंगाऱ्यावर ठेवणे घातक आहे, याविषयी माझ्या मनात किंचितही संदेह नाही. तरीही भगताकडे जाणाऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. महामारीत ठाण्याची वाट बंद झाली तेव्हा त्या कुटुंबासाठी जवळ असणे हाच उपचार करणाऱ्याचा सर्वांत मोठा गुण ठरला, आणि तो गुण शासकीय व्यवस्थेला आत्मसात करता येण्यासारखा आहे.

तो करता येतो याचा दाखला शेजारच्या गोव्यात आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमले, आणि नैराश्य व चिंता यांनी पिडलेले रोगी त्यांच्या मदतीने सरकारी केंद्रांत अधिक संख्येने बरे होतात हे २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. पुढे विदर्भातल्या खेड्यांतही याच धर्तीचे काम झाले. कसारा, खर्डी, किन्हवली, टोकावडे येथे घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्या आहेतच. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत त्यांनी दारोदार जाऊन ताप आणि प्राणवायू मोजला. ‘घरात कोणाच्या गोळ्या बंद पडल्या आहेत का’ हा एक प्रश्न त्या वहीत असता तर ठाण्याच्या नोंदवहीतून गळालेली कितीतरी नावे सापडली असती.

आकड्यांविषयी सावधपणे बोलावे लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाप्रमाणे देशात २०१९ साली १,३९,१२३ आत्महत्यांची नोंद झाली, २०२० साली १,५३,०५२ आणि २०२१ साली १,६४,०३३. २०२० साली १९,९०९ हा महाराष्ट्राचा आकडा सर्व राज्यांत मोठा होता, आणि देशातल्या एकूण संख्येत रोजंदारीवर जगणारे सुमारे एकचतुर्थांश होते. यांतली प्रत्येक आत्महत्या बंद पडलेल्या उपचारांमुळे झाली असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. कर्ज, बेकारी, शोक, एकाकीपणा हे सारे त्यात मिसळलेले आहे. शिवाय महामारीपूर्वीही चित्र समाधानाचे नव्हते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत जी राष्ट्रीय पाहणी केली, तिच्यात निरनिराळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रोग्यांना उपचार मिळत नसल्याचे आढळले होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. जे कधी ठाण्याला पोहोचलेच नाहीत त्यांच्यासाठी लोकल २०२० पूर्वीही बंदच होती.

या सर्वांत सर्वाधिक खटकणारी गोष्ट अशी की कसाऱ्याच्या रोग्याला जे हवे होते ते कायद्याने त्याला आधीच दिलेले होते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ रोजी अमलात आला. त्याच्या अठराव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की कोणाही मनोरुग्णाला सेवेसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये आणि ती त्याच्या राहत्या ठिकाणाजवळ मिळावी. अत्यावश्यक यादीतली औषधे शासकीय आरोग्यसंस्थांत विनामूल्य मिळावीत हेही त्याच कलमात आहे. हे कलम शहापूर-मुरबाडात पुरतेपणी अमलात असते तर लोकल थांबल्याने रोग्याची गोळी थांबली नसती. भातसा, तानसा, वैतरणा यांचे पाणी या मुलखातून खाली मुंबईला जाते, टाळेबंदीतही ते जातच राहिले. वर येणाऱ्या औषधाची वाटही तितकीच पक्की बांधणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयापासून कसाऱ्याच्या आरोग्य केंद्रापर्यंत नेमलेल्या वारी मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग भरणे, तिथल्या कपाटात या गोळ्या आणि इंजेक्शने असणे, यापासून त्याचा आरंभ व्हायला हवा.

१० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा चालू झाली आहे, तिच्यावर मराठीतून बोलता येते. शहापूर-मुरबाडच्या वाचकांना माझी विनंती याहूनही साधी आहे. आपल्या घरातल्या पेटीत, किंवा शेजारच्या घरात, २०२० सालचा एखादा केसपेपर अजून घडी घालून ठेवलेला असेल आणि त्याच्या कोपऱ्यातली तारीख उलटून गेलेली असेल, तर तो घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि गोळ्या पुन्हा सुरू करून घ्या. शिल्लक उरलेल्या जुन्या गोळ्या मात्र डॉक्टरांना दाखवल्यावाचून एकाएकी देऊ नका. तारीख चुकली म्हणून कोणत्याही सरकारी दवाखान्याला रोग्याला परत पाठवता येत नाही.